आईची किडनी बायोप्सी उद्या करायची म्हणतात. करू द्यावी का?

आई ७३ वर्षांची. दोन महिने सांधे धरलेले, बारीक ताप, भूक मेलेली. सगळे म्हणाले, वयाचं आहे. मीही तेच म्हणाले, आणि ते आता फार टोचतं. मग एका सकाळी तिनेच हाक मारून दाखवलं: लघवी काळपट लाल, वर फेस, पाणी ओतलं तरी जाईना. इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं. कल्चरमध्ये काहीच आलं नाही. तीन आठवड्यांत क्रिएटिनिन (रक्तातलं हे माप वाढलं म्हणजे किडनीचं काम घटलं) १.१ वरून ३.४ झालं. आता एमपीओ-एएनसीए, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारात सापडणाऱ्या अँटिबॉडीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आहे. या वयात किडनीत सुई घालायची? थोडं थांबून पाहिलं तर?

प्रतिसाद १
ताई, थांबू नका. बाबांना ७१ व्या वर्षी हेच झालं. 'अजून एकाला विचारू' म्हणत आम्ही दहा दिवस घालवले, तेवढ्यात क्रिएटिनिन २.८ चं ५.९ झालं. यात आपलीच प्रतिकारशक्ती बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. किडनीतल्या गाळण्या सुजलेल्या असतात तोवर औषधाने सावरू शकतात, एकदा व्रण पडला की त्या गेल्या. बायोप्सीत पालथं झोपवतात, जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई घालतात. 'खट्' असा आवाज येतो, बाबा त्यालाच दचकले. नंतर काही तास उताणं पडून राहायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच सांगा. स्टिरॉइड बहुतेक रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात. बाबांना पाच आठवडे डायलिसिस लागलं, मग सुटलं.

प्रतिसाद २
मी स्वतः याच आजाराची रुग्ण आहे, वय ६८. औषधांनी प्रतिकारशक्ती दबते, म्हणून आजाराइतकंच इन्फेक्शनला जपा. स्टिरॉइड लवकर उतरवता येईल का, हे नक्की विचारा. २०२० च्या पेक्सिव्हास नावाच्या, याच आजारावरच्या अभ्यासात कमी डोसचं वेळापत्रक तितकंच चाललं आणि गंभीर इन्फेक्शनं कमी झाली. रिटुक्सिमॅब (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) देणार असतील तर आधी हिपॅटायटिस बी तपासलंय ना, तेही बघा. आणि सांध्यांसाठी घेत असतील त्या वेदनाशामक गोळ्या आजपासून बंद. किडनीवर त्यांचा वेगळा मार बसतो.

मूळ प्रश्नकर्ती
झाली बायोप्सी. आवाजाचं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "खट् झालं गं, दोनदा." स्टिरॉइडची पहिली सलाईन आत्ता चालू आहे.