प्रति: नव्या स्विमिंग पूलचं पाणी ताकासारखं
५० हजार लिटरचा पूल बोअरने भरला, ब्लीचिंग पावडर टाकली आणि पाणी ताकासारखं झालं, म्हणताय. बहुधा बोअरच्या पाण्यातले कॅल्शियमचे क्षार आहेत. आणखी पावडर नको, तिच्यातही कॅल्शियमच असतं. शिवाय नव्या सिमेंटने पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी, त्याचं माप) चढतो. आधी तो ७.४च्या आसपास आणा: पंप चालू ठेवून, बादलीभर पाण्यात अर्धा लिटर पूल अ‍ॅसिड मिसळून (पाण्यात अ‍ॅसिड, उलट कधीच नाही!) पूलमध्ये ओता. चार तासांनी पीएच पुन्हा मोजा. मग दोन किलो तुरटी विरघळवून शिंपडा, फिल्टरचा व्हॉल्व्ह 'रिसर्क्युलेट'वर (पाणी वाळूतून न जाता फिरतं) ठेवून तासभर फिरवा, रात्रभर पंप बंद. सकाळी तळाचा साका व्हॅक्युमने हलक्या हाताने ओढा, पण व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर (पाणी थेट बाहेर) ठेवून. 'फिल्टर'वर राहिला तर फिल्टरमधली वाळू गच्च होते. क्लोरीन त्यानंतर, द्रवरूपच घ्या.