कमी कर्बोदकं, तुटपुंजं बजेट: काय शिजवता, कसं भागवता?

घरात कुणाची साखर वाढलेली निघाली की पहिला सल्ला मिळतो तो भात, ब्रेड, बटाटे कमी करण्याचा. सल्ला योग्यच आहे, पण महिन्याचा हिशोब तिथेच कोलमडतो. पोट भरायला सगळ्यात स्वस्त असतं ते धान्य, आणि नेमकं तेच ताटातून काढायचं असतं. त्या जागी बदामाचं पीठ, चीज आणि 'लो कार्ब' म्हणून मिळणारी बिस्किटं आणू लागलं, तर किराणा महिना पुरत नाही.

सासूबाईंसाठी मी हे सगळं करते आहे. कमी कर्बोदकांचं जेवण महाग पडत नाही, महाग पडतात ती धान्याची सोंगं, असं माझं ठाम मत झालंय. पिठाविना ब्रेड, पिठाविना केक हा नाद सोडला की खर्च आटोक्यात येतो. पण मग रोज दोन वेळा ताटात वाढायचं काय? तुम्ही काय करता, घरचे ते खातात का, किती दिवस टिकतं, सविस्तर लिहा. आकडे माहीत असतील तर तेही द्या.

हिशोबी
मी किलोचा भाव बघणं सोडून दिलं, प्रथिनांचा भाव बघते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, कर्बोदकं १ ग्रॅमच्याही आत. कोरड्या सोया चंक्समध्ये १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. दुकानात उभं राहून भागाकार करा, कुठलं स्वस्त ते लगेच कळतं. चिकनच्या बाबतीत हाडांचं वजन वजा करूनच तुलना करायची. तरी मला हाडांसकटच परवडतं, कारण उरलेली हाडं, कांद्याची टोकं आणि फ्लॉवरचे देठ मंद आचेवर उकळले की दुसऱ्या दिवशीच्या सूपची सोय होते. तयार सूपची पाकिटं मी आणत नाही, त्यात बऱ्याचदा दाटपणासाठी स्टार्च असतो.

कोबीवाली
ताई, फ्लॉवरचं सगळेच सांगतील, मी कोबीचं सांगते. १०० ग्रॅम कोबीत ६ ग्रॅमच्या जवळपास कर्बोदकं, त्यातलेही अडीच ग्रॅम तंतू, म्हणजे न पचणारा चोथा. तेवढ्याच शिजलेल्या भातात २८ ग्रॅम. शिवाय अख्खा गड्डा फ्रिजमध्ये कित्येक दिवस राहतो, त्यामुळे स्वस्त मिळाला की दोन घेऊन ठेवता येतात.

पाणचट होतो म्हणून लोक कोबी टाळतात. तो लांब आणि बारीक चिरा, मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा आणि मुठीत धरून घट्ट पिळा. कढई चांगली तापली की थोडा थोडा टाका. सगळा एकदम ओतला की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि कोबी परतला न जाता उकडतो. एका बाजूने कडा तपकिरी होईपर्यंत हलवायचा नाही, तिथेच चव येते. मग वरून दोन अंडी फोडायची आणि झाकण ठेवायचं. पिळलेलं खारट पाणी मी सूपमध्ये घालते, मग त्यात वेगळं मीठ लागत नाही.

रात्रपाळी
फ्रोझन पालक आणि फ्लॉवर. निवडणं नाही, चिरणं नाही, काही वाया जात नाही. वितळू न देता थेट तापलेल्या कढईत टाका. डब्यात उकडलेली अंडी असतात, पहाटे भूक लागली तर मशीनमधल्या गोड कॉफीकडे पाय वळत नाहीत.

शाकाहारी, अंडंही नाही
आमच्यासारख्यांना 'डाळी बंद' असं सरसकट सांगितलं जातं, त्याचा मला फार राग येतो. शिजलेल्या मसुरात १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं असतात, पण त्यातले ८ ग्रॅम तंतू, आणि प्रथिनं ९ ग्रॅम. दिवसाला २० ग्रॅमची मर्यादा असेल तर मसूर खरंच बसत नाही. पण १०० ते १३० ग्रॅम चालणार असतील, तर हातातलं सगळ्यात स्वस्त प्रथिन का सोडायचं? आपली मर्यादा किती, हे आधी विचारून घ्या.

सोयाला वास येतो अशी तक्रार असते. गरम पाण्यात भिजवून पिळायचं, पाणी बदलून पुन्हा तसंच करायचं, मग मसाल्याआधी तेलात एकटंच परतायचं. भाजलेले शेंगदाणे मात्र मोजून खावेत. स्वस्त आहेत, प्रथिनंही भरपूर आहेत, पण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात.

लेकीचा अनुभव
ही पोस्ट जेवणाची नाही, तरी कृपया वाचा. वडिलांचं इन्सुलिन चालू होतं. भात निम्मा केला, डोस तोच राहिला. पहाटे घामाने चिंब होऊन उठले, हात थरथरत होते, साखर ७० च्या खाली. लगेच साखरपाणी दिलं म्हणून सावरले. नंतर डॉक्टरांनी डोस कमी केला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर ताट बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या घेत असाल तर फारच कमी कर्बोदकांचा प्रयोग मनाने करू नका. त्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातले कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) धोकादायक पातळीला जाऊ शकतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची, तेही विचारा.

दोन मुलांची आई
दोन वेगळे स्वयंपाक करायला ना वेळ ना पैसा. म्हणून पातेलं एकच: टोमॅटो, पालक, सोबत चिकन किंवा सोया. मुलांच्या ताटात ते भातावर, माझ्या ताटात परतलेल्या कोबीवर. वाढत्या मुलांचं धान्य मी तोडलेलं नाही.

निम्म्यावर थांबलेला
मी भात सोडला नाही, कमी केला. आधी भाजी आणि अंडी, भात सगळ्यात शेवटी. माझ्या मीटरवर जेवणानंतरचा आकडा अशाने कमी येतो. इतकं मला कायम झेपतंय आणि किराण्याचा खर्चही फारसा वाढलेला नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंच्या गोळ्यांची नावं आत्ताच तपासली, उद्या डॉक्टरांना फोन करते. कोबीवाल्या ताई, कोबी आदल्या रात्री पिळून ठेवला तर चालेल का? सकाळी अर्ध्या तासात डबा भरायचा असतो.

कोबीवाली
चालेल. पिळून कोरड्या कापडात गुंडाळा आणि डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी परतताना मात्र पुन्हा मीठ घालू नका.