तिसऱ्या पेगनंतर सुचतं ते तत्त्वज्ञान असतं का?

कोरडाठाक
शनिवारच्या बैठकीत सोडा पिणारा मी एकटा. अकराला विषय पगारवाढीवरून ‘हे सगळं खरं आहे का’वर येतो आणि साडेअकराला सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. सकाळी कुणाला काही आठवत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं निदान लिहून तरी ठेवलं. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दाताच्या डॉक्टरांचा हसवणारा वायू, हुंगून त्यानं कागदावर कागद भरले आणि १८८२ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ हेगेलवरच्या लेखाच्या शेवटी हा अनुभव छापला. अंमल होता तोवर सगळे विरोध मिटलेले, विश्वाचा अर्थ लख्ख. शुद्धीत वाचलं तर नुसती बरळ. माझं म्हणणं एवढंच, की नशा अर्थ देत नाही, ‘अर्थ लागला’ असं वाटणं तेवढं देते.

सोमवल्ली
अर्धाच जेम्स सांगितलात. बरळलो होतो हे माहीत असूनही १९०२ मध्ये त्याच अनुभवावरून तो म्हणतो, की जागेपणीची जाणीव हा जाणिवेचा फक्त एक प्रकार. पातळ पडद्याआड इतर आहेत, ते वगळून विश्वाचा हिशेब पुरा होणार नाही. आपल्याकडे तर ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल सोमाचं. ‘अपाम सोमममृता अभूम’, म्हणजे ‘सोम प्यालो, अमर झालो’, हे आठव्यात. पतंजलीही योगसूत्रांच्या शेवटच्या भागात, कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धी कशानं मिळतात ते सांगताना मंत्र, तप, समाधीच्या पंगतीला औषधी बसवतात.

पाटीपुस्तक
पहिलं सूत्र वाचून पुस्तक मिटलंत वाटतं. सहावं बघा: ‘तत्र ध्यानजमनाशयम्’. ध्यानातून घडलेलं चित्त तेवढंच मागे गाळ ठेवत नाही. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यानं तर औषधीची सिद्धी थेट असुरांच्या घरी नेऊन ठेवली आहे.

सोमवल्ली
सहावं विसरले, मान्य. पण ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या संवादाचं काय? प्रेमावरची एवढी चर्चा पिण्याच्या बैठकीतच रंगली ना?

कोरडाठाक
आदल्या रात्रीची उतरली नव्हती म्हणून ‘आज बेतानं’ असं ठरवून, बासरीवालीला बाहेर पाठवून मग भाषणं सुरू झाली! अथेन्सचा पुढारी अल्किबायडीझ झिंगून येतो आणि सॉक्रेटिसबद्दल बोलतो, तो भाग मात्र अप्रतिम, नाकारत नाही. खुद्द सॉक्रेटिस रात्रभर पिऊन सकाळी अंघोळ करून नेहमीसारखा दिवस घालवतो. त्याला चढतच नाही.

मधल्याआळीतला
आमच्यातला एकजण चढल्यावर तत्त्वज्ञ होत नाही, इंग्रजी बोलतो.
ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, जुने इराणी महत्त्वाचा विषय पिऊन ठरवत आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीत पुन्हा काढत. तेव्हाही पटलं तरच पक्कं. शुद्धीत ठरवलेलं पिऊन तपासत, हेही आलंच. आपल्याकडे रविवारी कोण उठतंय?

उंबरा
माझे वडील पिऊन जन्ममरणावर तासन्‌तास बोलायचे. वाक्यं कधीकधी खरंच चांगली असत, एकदोन मी अजून वापरते. पण ऐकायला कुणीतरी लागायचं. ताट वाढून आई बसलेली, झोपेतून उठवलेली मी. मध्ये प्रश्न विचारायची सोय नव्हती.

इराण्यांवरून आठवलं. सकाळी चहा घेताना ते हळूच विचारायचे, “काल काय बोललो मी?” आई म्हणायची, “काही नाही.”