मदत हवी आहे: टीडीएस कापला, पण २६एएसमध्ये दिसत नाही

जळगावला खासगी कंपनीत नोकरी. २०२४-२५ मध्ये पगारातून दरमहा ३,२०० टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) कापला, पगारपत्रकावर रकाना आहे. २६एएसमध्ये (माझ्या पॅनवर जमा झालेल्या कराची आयकर विभागाकडची नोंद) मात्र जानेवारी ते मार्चचे ९,६०० नाहीतच. रिटर्नमध्ये वर्षभराचा पूर्ण टीडीएस दाखवला, तर आयकर विभागाकडून या ९,६०० च्या मागणीची नोटीस आली. मुदत ३० दिवस, १२ गेले.

पॅन तपासला, बरोबर आहे. अकाउंटवाल्यांकडे तीन चकरा झाल्या. "भरलंय, दिसेल" म्हणतात, पण चलन दाखवत नाहीत.

आयकर कायदा १९६१ च्या कलम १९२ प्रमाणे कापून भरणं मालकाचं काम आणि २०५ प्रमाणे कापलेला कर माझ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, एवढं वाचलंय. नोकरी टिकवायचीय, म्हणून मालकाविरुद्ध तक्रार सध्या नको.

आयकर पोर्टलवर 'मागणी मान्य नाही' असं उत्तर देताना पगारपत्रकं आणि बँक पासबुक पुरतं, की मालकाचं पत्र लागतंच?