बाहेरची लायब्ररी फोर्क करायला आधी संमती हवी का?

धरमपेठकर:
आपला मराठी शुद्धलेखन तपासक स्वयंसेवकांवर चालतो. नागपूरची मंडळी शनिवारी जमतात, बाकीचे पुण्या-हैदराबादेहून ऑनलाइन असतात. या शनिवारी एका नियमावर मत घ्यायचं आहे. नियम असा : बाहेरची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) फोर्क करायची, म्हणजे तिची वेगळी प्रत काढून आपल्या पद्धतीनं बदलायची, तर बदल आधी मूळ प्रकल्पाकडे पाठवलेला असावा, फोर्क सांभाळणारे दोघे नावानिशी नोंदवावेत आणि आपल्या मेंटेनरांपैकी (प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी) दोघांची संमती असावी. दर सहा महिन्यांनी तो फोर्क अजून लागतो का, हे बघायचं.

हे सुचण्याचं कारण आपल्याच रेपोत (कोडच्या साठ्यात) आहे. मजकूर साफ करणारी जी लायब्ररी आपण वापरतो, ती हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली. ती नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, काढून टाकते. हिंदीत ‘ज़रूर’चं ‘जरूर’ झाल्यानं फारसं बिघडत नाही. पण युनिकोडच्या लेखी आपला ‘ऱ’ म्हणजे ‘र’ आणि नुक्ता यांची जोडी. नुक्ता गेला की ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ होतं, आणि तपासक बरोबर शब्दाखाली लाल रेघ ओढतो. विदर्भात बसून केलेल्या तपासकाला वऱ्हाड लिहिता येऊ नये!

पावसाळ्यात मूळ प्रकल्पाकडे पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) पाठवली, दिवाळी उलटली तरी उत्तर नाही. मग एका मुलानं लायब्ररी आपल्या रेपोत घेऊन दुरुस्ती केली, आणि त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) सगळ्या फायलींची मांडणीही बदलली. तो आता नोकरीला बंगळुरूला आहे. मूळ लायब्ररीत पुढे सुरक्षेची दुरुस्ती आली, ती आपल्याला ओढून घेता येत नाही, कारण ‘ऱ’साठी काय बदललं आणि नुसत्या मोकळ्या जागा कुठे बदलल्या, हे वेगळं काढायला माणूसच नाही.

महालकर:
भाऊ, माझा सरळ विरोध आहे. फोर्क करायची मोकळीक हाच या सगळ्याचा पाया आहे. २०१०मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस निघालं, म्हणून आज आपण ते वापरून राहिलो. १९९७मध्ये जीसीसी या कंपायलरचा (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचा) ईजीसीएस हा फोर्क निघाला आणि १९९९मध्ये तोच अधिकृत जीसीसी झाला. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमधून आयओ.जेएस फुटलं, वर्षाच्या आत दोघं परत एकत्र आले. यातल्या कोणीही आधी संमतीची वाट पाहिली नाही.

आणि मराठीसाठी वाट कोणाची पाहायची? मूळ लायब्ररीच्या ज्या मेंटेनरला ‘ऱ’ माहीत नाही, त्याच्या दारात आपण काहून ताटकळायचं? त्या पोरानं फोर्क केला, त्याच दिवशी वऱ्हाड दुरुस्त झालं. तुमचा नियम असता तर दोन सह्यांपायी तो पोरगाच कंटाळून गेला असता. इंजिनीअरिंगची मुलं एखादं सत्र आपल्याकडे येतात, तेवढ्यात त्यांच्या हातून काहीतरी पूर्ण व्हायला पाहिजे.

धरमपेठकर:
महालकर, तुम्ही दिलेल्या तिन्ही उदाहरणांत फोर्कमागे माणसं होती. लिब्रेऑफिसच्या मागे संस्था उभी राहिली, ईजीसीएसला जीसीसीवरच काम करणारे लोक मिळाले. आपल्याकडे लायब्ररीची प्रत आहे आणि तिच्यामागे कोणी नाही. मुलं एका सत्रापुरती येतात, हाच तर माझा मुद्दा आहे. मुलगा जातो, फोर्क राहतो.

अशा प्रतींचं काय होतं ते २००२मध्ये झेडलिब या डेटा आवळणाऱ्या लायब्ररीच्या वेळी दिसलं. ती लायब्ररी असंख्य प्रोग्रामांनी आपापल्या पोटात घेतली होती. मेमरीचा एक दोष सापडला तेव्हा मूळ लायब्ररी सुधारून भागलं नाही, प्रत्येक प्रत वेगळी शोधावी लागली. डेबियन हा लिनक्स प्रकल्प अशा पोटातल्या प्रती टाळायला सांगतो ते याचसाठी.

मिहानकर:
एक्सझेड या फायली आवळणाऱ्या प्रोग्रामचं काय मग? मार्च २०२४मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला, आणि तो मूळ प्रकल्पाच्याच सहमेंटेनरनं घातला होता. एसएसएचनं दूरच्या संगणकावर लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे एका इंजिनीअरनं खोदून पाहिलं म्हणून तो सापडला. मूळ प्रकल्पावर विसंबायचं म्हणजे असल्या अपडेटही डोळे झाकून घ्यायच्या. त्यापेक्षा आपली गोठवलेली प्रत बरी.

धरमपेठकर:
आवृत्ती गोठवायला फोर्क लागत नाही. लॉकफाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत) आवृत्ती आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, नोंदवला की न विचारता काही बदलत नाही. पुढची आवृत्ती आपण वाचून, तपासून घेतो. २०१६मध्ये लेफ्ट-पॅड या छोट्या लायब्ररीच्या लेखकानं ती एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून काढली आणि हजारो बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची कामं) अडले. तसं होऊ नये म्हणून मूळ पॅकेज जसंच्या तसं आपल्या सर्व्हरवर ठेवावं, एक ओळही न बदलता.

कोर्टाजवळचा टंकलेखक:
मी प्रोग्रामर नाही. सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर अर्ज टाइप करतो, तुमचा तपासक रोज वापरतो. ‘कऱ्हांडला’, ‘कुऱ्हाड’, ‘शेतकऱ्याचा’ हे शब्द माझ्याकडे रोज येतात. लाल रेघ दिसली की पक्षकार म्हणतो, चूक झाली, पुन्हा काढा. तुम्ही नियम काय ते ठरवा, पण ‘शेतकऱ्या’ला पुन्हा चूक ठरवू नका.

सदरची ताई:
लायसन्सकडे कोणाचंच लक्ष नाही, म्हणून लिहिते. ती लायब्ररी एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आहे, आपला प्रकल्प जीपीएलखाली, जे बदललेला कोडही त्याच लायसन्सखाली वाटायला लावतं. एमआयटीचा कोड आपल्याला घेता येतो, फक्त त्यांची कॉपीराइटची सूचना जपावी लागते. उलट दिशेनं तसं नाही. आपल्या रेपोत जीपीएलखाली लिहिलेली दुरुस्ती ते घेणार नाहीत आणि त्यांनी घ्यावी अशी अपेक्षाही चूक. त्यामुळे बदल पहिल्या ओळीपासून मूळ लायब्ररीच्या लायसन्सखाली लिहायला हवा. नंतर परवानगी मागायला लेखकाचा पत्ता शोधत बसावं लागतं. हे नियमात नसेल तर ‘आधी मूळ प्रकल्पाकडे पाठवा’ हे वाक्य कागदावरच राहील.

दोघांच्या संमतीबद्दल मात्र मी महालकरांच्या बाजूची आहे. आपले मेंटेनर चार, त्यातले दोन परीक्षांच्या दिवसांत सापडत नाहीत.

धरमपेठकर:
ताई, लायसन्सचं कलम घालतो. संमतीऐवजी असं करू या का : फोर्क कोणीही करावा, पण बदल डेबियनसारखा वेगळ्या पॅच फायलीत (फक्त बदललेल्या ओळींच्या) ठेवावा. मूळ कोड अस्पर्श राहील. पॅचच्या डोक्यावर कारण, लेखक आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवल्याचा दुवा. हे नसेल तर मर्ज नाही, म्हणजे बदल रेपोत घ्यायचा नाही. दोन सांभाळणाऱ्यांची अट मी सोडणार नाही.

महालकर:
वेगळा पॅच मान्य. लायसन्स मान्य. ‘ऱ’ची दुरुस्ती त्या गोंधळातून मी आज रात्री वेगळी काढतो, मूळ लेखकाला विचारून एमआयटीखाली, आणि मूळ लायब्ररीकडे पुन्हा पाठवतो. ‘शेतकऱ्या’ची चाचणीही जोडतो, म्हणजे पुढच्या अपडेटला तो शब्द मोडला तर बिल्डच थांबेल. पण दोन माणसांच्या अटीविरुद्ध शनिवारी मी बोलणार आणि मतही विरोधातच देणार. आपल्याकडे निम्म्या कामांना एकच माणूस आहे. ही अट लावली तर ती कामं उद्यापासून बंद पडतील.