घटस्फोटासाठी वकील हवा आहे (लांजा/रत्नागिरी)

लांजेकरीण: घटस्फोटाचं काम बघणारा चांगला वकील कुणी सुचवेल का? इथल्या एका वकिलांना वीस हजार दिले, पावती नाही. आता म्हणतात, पोटगी मिळेल त्यातले दहा टक्के माझे. वर नवऱ्याच्या चुलत्यांचा जमिनीचा दावाही तेच चालवतात, हे मला परवा एसटी स्टँडवर कळलं. २४ तारखेच्या आत ठरवायचंय. लवकर सांगा.

काजूबी: २४ ला काय आहे? दावा तुम्ही लावलाय की त्यांनी? कुठल्या कोर्टात?

खाडीपलीकडे: भांडत बसू नका, संमतीने घ्या. हिंदू विवाह कायदा, कलम १३ ब. वर्षभर वेगळे राहिलात की दोघांनी अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे तेही माफ होऊ शकतात. मी असाच सुटलो.

लांजेकरीण: संमती कसली? मला फारकत नकोच आहे. दावा त्याने लावलाय, वांद्र्याला. समन्स आलंय.

काजूबी: अहो ताई, हे आधी सांगायचं ना! तुम्हाला घटस्फोट घेऊन देणारा वकील नकोय, दावा लढणारा हवाय. २४ ला गैरहजर राहिलात तर एकतर्फी चालेल. दावा रत्नागिरीला वर्ग करा असा अर्ज हायकोर्टात करता येतो, बाईची प्रवासाची अडचण कोर्ट बघतं. लहान मूल आहे का? आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो.

घाटमाथा: हायकोर्टासाठी मुंबई कशाला? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिकडेच. आमचं जमिनीचं अपील आता तिथेच चालतं. आंबा घाटातून जायचं, पावसात तेवढं जपून.

काजूबी: दावा वांद्र्याचा आहे हो. अर्ज कुठे लावायचा ते वकील ठरवेल, त्यांना घाटाचा रस्ता नका दाखवू.

मालवणी माउली: गो बाय, तुझे दागिने खंय आसत? सासरी रवले असतीत तर आजच यादी कर. स्त्रीधन तुझा, तेचेर दुसऱ्या कोणाचो हक्क नाय.

बंदरावरची: कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ चा कायदा आहे, फोन १५१००.

खाडीपलीकडे: फुकटचा वकील तारखेला उभा तरी राहतो का?

बंदरावरची: माझ्या बहिणीचा प्रत्येक तारखेला उभा होता. पैसे घेणारा आधीचा दोनदा आलाच नाही. आणि ती टक्केवारी बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, कबूल करू नका.

लांजेकरीण: मुलगा चार वर्षांचा आहे. वकीलपत्रावर सही केलीय. कागद परत मागितले तर म्हणतात, आधी बाकी द्या.

काजूबी: फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. दुसरा वकील नेमायला ना हरकत आणि कागद लेखी मागा, पोच घ्या. समन्सची मूळ प्रत कुणाकडे आहे?

लांजेकरीण: त्यांच्याकडेच. माझ्याकडे मोबाइलमधला फोटो आहे. सोमवारी आधी समितीत जाते. लांज्यातलं कुणी बाईमाणूस सोबत येईल का?

बंदरावरची: मी येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.