केळीच्या चिकाचे डाग आणि ए.सी.चा कुबट वास

प्रश्न (रावेर)
नमस्कार. आमच्या गाडीच्या मागच्या सीटवरून हंगामात केळीच्या फण्यांची वाहतूक होत असल्यामुळे कापडी सीटवर चिकाचे तपकिरी डाग पडले आहेत, डॅशबोर्डच्या खाचांमध्ये काळ्या मातीची धूळ बसली आहे आणि ए.सी. सुरू करताच कुबट वास येतो. सुगंधी डबी ठेवल्यास दोन्ही वास एकत्र होऊन अधिकच नकोसे वाटते. सीटवर सरळ पाणी मारून धुणे योग्य ठरेल काय?

उत्तर (जळगाव)
पाण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. कोरड्या धुळीवर ओले फडके फिरवले की तिचा चिखल होऊन तो खाचांमध्ये घट्ट बसतो. म्हणून प्रथम मऊ ब्रशने धूळ मोकळी करून ती व्हॅक्यूमने ओढून घ्यावी आणि त्यानंतरच पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसावे.

वासाचे मूळ बहुधा सीटमध्ये नसून ए.सी.च्या कूलिंग कॉइलवर असते. तेथे साचणाऱ्या ओलाव्यात धूळ मिसळून बुरशी धरते आणि पंखा सुरू होताच तो वास आत येतो. केबिन फिल्टर अनेक गाड्यांमध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो; आपल्याकडील धूळ पाहता पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता तो काढून तपासावा. मुक्कामी पोहोचण्यापूर्वी काही मिनिटे ए.सी. बंद करून केवळ पंखा चालू ठेवल्यास कॉइल कोरडी होते. ए.सी. चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते की नाही, हेही पाहावे.

उत्तर (यावल)
चिकाबद्दल लिहितो. हाताला लागलेला चीक आपण तेल चोळून काढतो, तोच उपाय रेक्झिनवर चालतो. मात्र नंतर सौम्य साबणाच्या पाण्याने तेल पुसून घ्यावे. कापडावर तेल लावू नये, कारण त्याचा दुसराच डाग राहतो. ताजा चीक थंड पाणी व द्रव साबण लावून कापडाने टिपून घ्यावा, घासू नये. हवेच्या संपर्काने एकदा तपकिरी झालेला डाग पूर्णपणे जाईल, अशी आशा मी देणार नाही. सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने तो फिका होऊ शकतो, परंतु सीटचा रंगही उडू शकत असल्याने आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावे. क्लोरीनच्या ब्लीचच्या वाटेला जाऊ नये. पुढील हंगामात फण्यांखाली जाड ताडपत्री अंथरणे, हाच खरा उपाय होय.

उत्तर (धुळे)
सीटवर पाणी ओतण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. सीटखाली एअरबॅगशी संबंधित, बहुधा पिवळ्या रंगाचे जोड असतात, शिवाय आतील फोमने एकदा पाणी शोषले की तो लवकर वाळत नाही. फेस लावून, टिपून काढण्यापुरताच ओलावा असावा. हे काम मृग लागण्यापूर्वी उरकावे: खानदेशातील कोरड्या उन्हाळ्यात सकाळी सीट पुसून दारे उघडी ठेवली, तर दुपारपर्यंत त्या वाळतात, पावसाळ्यात मात्र त्याच सीटला बुरशी येते. डॅशबोर्ड तापलेला असताना पुसू नये आणि त्यावर चकाकणारे पॉलिश लावू नये. समोरच्या काचेत त्याचे प्रतिबिंब पडते. स्प्रेचे डबे उन्हातील गाडीत ठेवणे तर धोक्याचेच. उरलेल्या वासासाठी कोरड्या सीटवर खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळी व्हॅक्यूमने काढावा.

प्रश्नकर्ता (रावेर)
सर्वांचे आभार. आज ए.सी. चालवून पाहिला असता गाडीखाली पाणी ठिबकले नाही, उलट पुढील डाव्या सीटसमोरची चटई खालून ओली लागली.

उत्तर (जळगाव)
मग ए.सी.चे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असण्याचीच शक्यता अधिक आहे. प्रथम गॅरेजमध्ये ती मोकळी करून घ्यावी, त्यानंतर चटई काढून, गालिचा उचलून त्याखालील अस्तर पूर्ण वाळवावे. सीटचे काम त्यानंतर हाती घेतले तरी चालेल.